परदेशी क्लबांशी करार : लहान संघांचा लाभ किती?



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण, शिवकाल अशा भारदस्त विषयांवर बोलले जाते. त्यात फुटबॉल कोठून आला, असे काही श्रोत्यांस वाटले असेल. त्याचा खुलासा आधी करतो.

दीड महिन्यापूर्वी आपल्याच तालुक्यातील एका लहानशा फुटबॉल क्लबचे चिटणीस संध्याकाळच्या वेळी माझ्याकडे आले. हातात वीस पानांचा इंग्रजी मसुदा होता. युरोपातील एका बड्या क्लबच्या नावाने इकडे व्यवहार करणाऱ्या एका कंपनीने तो पाठविला होता. क्लबने त्या बड्या क्लबचे नाव व चिन्ह लावावे, गणवेश त्यांच्याकडूनच विकत घ्यावेत, दर मुलामागे फीचा ठरावीक हिस्सा द्यावा. मोबदल्यात वर्षातून एकदा तिकडचा प्रशिक्षक आठवडाभर येऊन शिबिर घेईल. आणि चौदाव्या कलमात, जरा आडवळणाने, असे होते की क्लबमधील कोणत्याही मुलावर पहिला हक्क दुसऱ्या पक्षाचा राहील व त्याबद्दल क्लब कसलीही भरपाई मागणार नाही. "वकीलसाहेब, सही करू का? पोरे तर त्या नावाने वेडी झाली आहेत," एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी जन्मभर वकिली केली. फुटबॉल खेळलो तो शाळेत, तोही अनवाणी. तेव्हा मी त्यांच्याकडे वेळ मागून घेतला आणि चार ठिकाणची माहिती गोळा केली. ती आज आपणांपुढे ठेवीत आहे.

वसईत बसून परक्या बलवानाशी करार म्हटला की एक तारीख आठवल्यावाचून राहत नाही. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला. सहा हजारांहून कमी नाही अशी तैनाती फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. पुढे 1818 साली पेशवाईच गेली. मोठ्या क्लबाशी करार म्हणजे तैनाती फौज, असे म्हणून टाळ्या घेणे मला सोपे आहे. परंतु ही उपमा अर्धीच लागू पडते. बाजीरावाला तहातून बाहेर पडता येत नव्हते. फुटबॉलमध्ये बहुधा उलटे घडते. मोठा पक्षच एक दिवस उठून चालू लागतो. तो गेल्यावर मागे काय उरते, ही खरी विचारण्याची गोष्ट आहे.

आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण अंधेरीचे. मुंबई सिटी हा संघ 2014 साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मला. नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने त्याचे 65 टक्के भाग विकत घेतले. जगभर डझनभर क्लब बाळगणारा हा समूह; त्याचे भांडवल मुख्यतः अबू धाबीचे. त्यानंतरचा इतिहास यशाचा आहे, हे कोणासही नाकारता येणार नाही. 2020-21 च्या हंगामात मुंबईने साखळीतील पहिला क्रमांकही पटकावला आणि करंडकही जिंकला. 11 एप्रिल 2022 रोजी रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबचा 2-1 असा पराभव करून आशियाई चँपियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळविला. 2022-23 मध्ये पुन्हा साखळीचे अग्रस्थान, 2024 च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला 3-1 असे हरवून पुन्हा करंडक. विरार लोकलने अंधेरीला उतरून हे सामने पाहिलेली मंडळी या सभेतही असतील.

पण हे यश आले कोठून, हे जरा उकलून पाहू. पहिल्या विजयाचा प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा हा मँचेस्टरहून आलेला नव्हता; तो एफ. सी. गोवा या संघाकडून आला. त्याच्या मागोमाग बूमूस, जाहू, फॉल आणि आपले मंदारराव देसाई हे गोव्याचेच खेळाडू मुंबईत दाखल झाले. म्हणजे पैसा परदेशी, पण खेळ गोव्यात घडलेला. यात गैर काही नाही; पैशाने चांगली माणसे आणावीत हा जगाचा रिवाज आहे. मात्र याला परदेशी विद्येचे फळ म्हणता येत नाही. ती विद्या दिसली ती नंतर. डेस बकिंगहॅम आणि त्यांच्यामागून आलेले पेत्र क्रातकी हे दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्नच्या क्लबात सहायक प्रशिक्षक म्हणून तयार झालेले होते. मुंबईच्या एखाद्या एकट्या क्लबाला अशी माणसे शोधून काढणे कठीण गेले असते. इतक्यावरही 2023-24 मध्ये आशियाई स्पर्धेत मुंबईने सहाच्या सहा सामने गमावले. बड्या घराण्याशी सोयरीक झाली म्हणून पाहुण्याच्या अंगणातली कुस्ती आपोआप जिंकली जात नाही.

आणि डिसेंबर 2025 मध्ये हा समूह निघून गेला. राष्ट्रीय महासंघाचा व्यापारी भागीदाराशी असलेला पंधरा वर्षांचा करार त्याच महिन्यात संपला. लीगचा हंगाम सुरू होण्याची चिन्हे नव्हती. तेव्हा समूहाने आपले सर्व भाग मूळ मालकांच्या हवाली केले. सहा वर्षांत चार मोठे विजय मिळाले ते कोणी परत नेले नाहीत. पण उत्तर मुंबई, वसई, पालघर या पट्ट्यातील मुलांसाठी या सहा वर्षांत एखादे कायमचे मैदान उभे राहिले काय? 2021 आणि 2024 या दोन्ही अंतिम सामन्यांत मुंबईतर्फे गोल करणारा बिपिनसिंग हा मणिपूरचा. त्याच्याबद्दल मला अभिमानच आहे. तरीही नंदाखाल, गिरीज, पापडीच्या मैदानावर पावसाळ्यात चिखल तुडवणाऱ्या पोराला या कराराचा प्रत्यक्ष लाभ काय झाला, याचे उत्तर मला सापडले नाही.

पुण्याच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. 2014 साली एफ. सी. पुणे सिटी निघाला तेव्हा इटलीचा फिओरेन्तीना त्याचा भागीदार होता. प्रशिक्षक इटालियन, आणि त्रेझेगे हा फ्रान्सचा विश्वविजेता आघाडीला. 2019 मध्ये क्लबच बंद पडला व त्याची जागा हैदराबादला गेली. दुसरी गोष्ट 1987 साली स्थापन झालेल्या शिवाजीयन्सची. पुढे तो डी. एस. के. शिवाजीयन्स झाला आणि त्याच उद्योगसमूहाने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने पुण्यात निवासी प्रशिक्षणशाळा काढली. संघ 2015-16 मध्ये आय-लीगमध्ये आला, दोन हंगाम खेळला आणि 2017 मध्ये बाहेर पडला. मूळ उद्योगच डबघाईस आला होता. पण आज भारतातर्फे खेळणारा मिझोरमचा लालियानझुआला छांगते 2016-17 च्या हंगामात याच संघातर्फे आय-लीग खेळला होता. म्हणजे झाड पडले, पण एखादे फळ आधीच हाती आले होते. दोन्ही ठिकाणी घात परदेशी पाहुण्याने केला नाही, घरचा खांबच मोडला. ज्या क्लबचा स्वतःचा हिशेब जमत नाही त्याला लिव्हरपूलचे नावही तारीत नाही.

पुण्याने याची दुसरी बाजूही पाहिली आहे, आणि ती जरा गमतीची आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या व्यवसायातील घराण्याने इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना क्लब विकत घेतला. महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक अलरडाइस यांना काढले. 2012 मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून घसरला, 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. संतापलेल्या प्रेक्षकांनी एका सामन्यात मैदानावर चक्क कोंबडी सोडली. या खेपेस दूरचे, पैसेवाले, गावाची भाषा न कळणारे मालक आपण होतो! ब्लॅकबर्नच्या लोकांची तक्रार पैसा मिळत नाही अशी नव्हती; आमचे कोणी ऐकत नाही अशी होती. परदेशी मालक वाईट असतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की दूरचा मालक कोणत्याही देशाचा असला तरी तो दूरचाच असतो.

परदेशातही दोन्ही मासले मिळतात, तेही एकाच घरात. स्पेनमधील हिरोना हे लाखभर वस्तीचे गाव. 2017 मध्ये सिटी समूहाने त्याच्या क्लबचे सुमारे 44 टक्के भाग घेतले, आणि 2023-24 मध्ये हा क्लब स्पेनच्या साखळीत तिसरा आला. त्या यशात ब्राझीलचा साविन्यू हा कोवळा खेळाडू चमकला. तो कागदोपत्री मात्र फ्रान्समधील ट्रॉय क्लबचा होता. ट्रॉयही याच समूहाचा. ट्रॉयने त्याला 2022 मध्ये घेतले, पण ट्रॉयच्या मुख्य संघात तो एक सामनादेखील खेळला नाही. आधी हॉलंडला, मग हिरोनाला उसना गेला आणि 2024 मध्ये मँचेस्टरला विकला गेला. विक्रीची रक्कम ट्रॉयच्या हिशेबात आली हे खरे, पण दरम्यान ट्रॉय 2023 मध्ये खालच्या श्रेणीत उतरला होता. एका भावाच्या नावावर बैल, आणि नांगर दुसऱ्याच्या शेतात! अशा उसनवारीला आवर घालण्यासाठी जागतिक महासंघाने 2022 पासून नियम केला, की एका क्लबने दुसऱ्या एकाच क्लबास एका हंगामात तीनपेक्षा अधिक खेळाडू उसने देऊ नयेत.

आता वकील या नात्याने मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. लहान क्लबला परदेशी पैसा मिळण्याचा एक मार्ग असा आहे, ज्याला कोणाशीही करार करावा लागत नाही. खेळाडूचा करार चालू असताना त्याची एका देशातून दुसऱ्या देशात विक्री झाली, तर त्या रकमेचे 5 टक्के, वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडविले, त्यांच्यात वाटून द्यावे लागतात. बारा ते पंधरा या चार वर्षांसाठी दर हंगामास एकूण रकमेचा पाव टक्का. पुढे दर हंगामास अर्धा टक्का. समजा, आपल्याकडील एक मुलगा ही चार वर्षे येथे खेळला आणि पुढे कधी एक कोटी रुपयांस परदेशात विकला गेला. चार पाव म्हणजे एक टक्का. एक लाख रुपये वसईच्या क्लबचे झाले. रक्कम दहा कोटींची असेल तर दहा लाख. शिवाय खेळाडूने परदेशात पहिला व्यावसायिक करार केला तर प्रशिक्षणाच्या भरपाईचा वेगळा हक्क आहे. 2022 पासून या वाटपासाठी जागतिक महासंघाने स्वतंत्र कचेरीच उघडली आहे.

यात अट एकच आहे, आणि तेथेच आपले घोडे पेंड खाते. मुलगा त्या त्या वर्षी आपल्या क्लबच्या नावावर रीतसर नोंदलेला असला पाहिजे. महासंघाच्या दप्तरात नोंद नाही, तर घडविल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे मुले गावच्या सणाच्या स्पर्धेत खेळतात, सुट्टीत एका संघाकडून, पावसाळ्यात दुसऱ्याकडून. नोंद कोणी ठेवीत नाही. सगळा व्यवहार ओळखीचा. चौदावे कलम नेमके हेच हक्क काढून घेत होते, आणि तेही आपणांजवळ काही आहे हे आपणांस ठाऊक नसताना.

"मग मोठ्यांचा हात धरूच नये काय?" असे चिटणिसांनी विचारले. मी त्यांना कोल्हापूरचे उदाहरण दिले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी. तालमीच्या आखाड्यातून फुटबॉल संघ निघाले आणि शाहू स्टेडियम आजही पेठेपेठेच्या माणसांनी भरते. कोणा मँचेस्टरने ते भरलेले नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि नंतर काही काळ सरावासाठी गेला तो पुणेकरांच्या मालकीच्या ब्लॅकबर्नमध्ये! तेव्हा मोठ्यांचे दार उपयोगी पडतेच. मात्र त्या दारापर्यंत जाणारा मुलगा आधी स्वतःच्या पेठेत तयार झालेला होता. खुद्द कोल्हापूरचे सगळे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. तेथील पेठांची ईर्ष्या कधी कधी खेळाला गिळते. पण क्लब कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर तेथील शेंबडे पोरही देते.

माझे मत विचाराल तर ते असे. येथील दोन-तीन माणसांना वर्षभर बसून प्रशिक्षणाचे शिक्षण व परवाना मिळत असेल, तर असा करार किमती आहे. ती माणसे पाहुणा गेल्यावरही येथेच राहतात. आठवड्याचे शिबिर ही करमणूक आहे. तिच्यासाठी पैसे मोजावेत, पण हक्क मोजू नयेत. चिन्ह आणि गणवेश यांचा लाभ मुख्यतः गणवेश विकणाऱ्यास होतो. मुलांचा उत्साह वाढतो हे मात्र मी नाकारीत नाही. माझ्या नातवाच्या अंगावरही असलाच एक सदरा आहे, आणि तो धुवायला टाकायचा म्हटले की घरात रणकंदन होते.

चिटणिसांनी सही केली नाही, मसुदा फाडूनही टाकला नाही. चौदावे कलम वगळावे, शिबिराऐवजी आमच्या दोन प्रशिक्षकांच्या शिक्षणाचा खर्च द्यावा, आणि करार दोन वर्षांत कोणत्याही बाजूने मोडता यावा, असे पत्र आम्ही दोघांनी मिळून पाठविले. त्याला अद्याप उत्तर नाही. दरम्यान त्यांनी क्लबमधील सगळ्या मुलांचे जन्मदाखले आणि नोंदणीचे कागद गोळा करावयास घेतले आहेत. त्यांत दोन मुले भलत्याच संघाच्या नावावर नोंदलेली निघाली. तो घोळ निस्तरण्यासाठी ते येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने मुंबईला जाणार आहेत.