उतारवयात मांडलेला चार बॅगांचा संसार

मिशनरी म्हटलं की आम्हा सांगली-मिरजेकडच्या माणसांना पहिल्यांदा आठवतं ते मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी ते १८९४ साली सुरू केलं. तरुणपणी यायचं आणि उमेदीची सगळी वर्षं परक्या मुलखात घालवायची, अशी ती माणसं. माझ्या मनात मिशनरी म्हणजे हेच चित्र होतं.

त्यामुळे २०२२ साली आमच्या वरच्या मजल्यावर एक अमेरिकन आजी-आजोबा राहायला आले आणि ‘आम्ही मिशनरी आहोत, दीड वर्षासाठी आलोय’ असं म्हणाले, तेव्हा मी बघतच राहिले. आजोबा एकोणसत्तर वर्षांचे, आजी सहासष्टच्या. आपल्याकडे या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळत नातवंडांच्या शाळेच्या बसची वाट बघत असतात!

ही गोष्ट आहे घानाच्या राजधानीतली, अक्रामधली. आमच्या ह्यांची कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी तिथे बदली झाली होती. मी शाळेतली अर्धवेळची नोकरी सोडून, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन गेले होते. ओळखीचं कुणी नाही, भाषा नवी, हे दिवसभर ऑफिसात. माझा मुलगाच आधी वरच्या मजल्यावर पोहोचला. तो त्यांना आजी-आजोबा म्हणू लागला, मग मीही तेच म्हणू लागले.

पगार नाही, खर्च मात्र आपला

दोघंही अमेरिकेतल्या युटा राज्यातले. त्यांच्या चर्चचं नाव लांबलचक आहे. ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स.’ लोक त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेला हा पंथ. आज जगभर १ कोटी ७० लाखांहून अधिक लोक या पंथाचे सभासद आहेत.

या पंथात तरुण मुलगे दोन वर्षांसाठी मिशनवर जातात. २०१२ पासून अठराव्या वर्षीही जाता येतं. नोकरीतून निवृत्त झालेली, मुलांच्या जबाबदारीतून मोकळी झालेली जोडपीसुद्धा जातात. त्यांना पगार मिळत नाही, उलट राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा. आजोबा ट्रक दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले, आजी एका शाळेच्या कार्यालयात होत्या. म्हणजे आपल्यासारखीच बेताची माणसं. यासाठी दहा वर्षं त्या थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होत्या. राहतं घर भाड्याने दिलं, गाडी विकली आणि माणशी दोन अशा चार बॅगा घेऊन दोघं विमानात बसले.

मी विचारलं, ‘चाळीस वर्षांचा संसार चार बॅगांत कसा बसवलात?’

आजी हसून म्हणाल्या, ‘अगं, काय न्यायचं हे ठरवायला एक दिवस लागला. काय टाकायचं हे ठरवायला सहा महिने!’

घर बदललेल्या प्रत्येक बाईला हे पटेल.

दुसऱ्यांच्या मुलांची मोरी-स्वयंपाकघर

मला वाटलं होतं, ही दोघं दारोदार फिरून धर्म सांगत असतील. पण त्यांच्याकडे सोपवलेलं काम वेगळंच होतं. अक्राच्या आसपास त्यांच्या पंथाची तरुण मिशनरी मुलं भाड्याच्या खोल्यांतून दोघं-दोघं, चौघं-चौघं राहत. त्या खोल्यांची व्यवस्था या दोघांकडे होती. भाडी भरायची, गॅसचं सिलिंडर, पाण्याचा फिल्टर, मच्छरदाण्या पुरवायच्या, नळ गळत असेल तर माणूस बोलवायचा आणि अधूनमधून जाऊन खोली स्वच्छ आहे का ते बघायचं.

दोघंही पहाटे साडेपाचला उठत. उन्हं चढायच्या आत फिरून येत. मग गुडघे टेकून प्रार्थना, धर्मग्रंथाचं वाचन आणि नाश्त्याला ओटची लापशी नि पपई. चहा नाही की कॉफी नाही! त्यांच्या पंथात दोन्ही वर्ज्य, दारू आणि तंबाखूही वर्ज्य. पहिल्या दिवशी मी आलं घालून केलेला चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि आजी अवघडून गेल्या. नंतर मी त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत करू लागले.

आठला आजोबा जीप काढत. पाठीमागे गाद्या, बादल्या, पंखे. आजींच्या मांडीवर वही. एकदा त्या मलाही सोबत घेऊन गेल्या. एका खोलीत एकोणीस-वीस वर्षांची चार मुलं राहत होती. पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी. नावाआधी ‘एल्डर’. म्हणजे वडीलधारा! मिसरूड फुटलेल्या पोरांना वडीलधारा म्हणायचं याचं मला हसू आलं. आजींनी मात्र थेट स्वयंपाकघर गाठलं. शेगडीवरचा चिकटा बोटाने खरवडून बघितला, पातेल्याचं बूड बघितलं आणि एक अक्षर न बोलता बाह्या सरसावल्या. पुढच्या अर्ध्या तासात चारही ‘वडीलधारे’ फरशी घासत होते.

त्यांच्या वहीत सोप्या पाककृती होत्या. एकाच पातेल्यात होणारा टोमॅटो-सार्डिनचा भात, तळलेली प्लँटेन म्हणजे आपल्या भाजीच्या केळ्याची थोरली बहीण, उरलेल्या भाताचं काय करायचं ते. माझी मुगाची खिचडी त्यात गेली. हिंग मात्र त्यांना सोसवला नाही!

बाजारात आजी केंकी घेत. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेला हा गोळा. घानात कुणाला काही डाव्या हाताने दिलं तर तो अपमान समजतात. मला ते शिकवावं लागलं नाही, पण आजींना फार दिवस लागले. त्या डावखुऱ्या. पैसे देताना त्या डावा हात चक्क पाठीमागे धरून ठेवत. तिथे जन्मवारावरून नाव ठेवायचीही पद्धत आहे. माझा मुलगा शुक्रवारचा म्हणून ‘कोफी’ झाला आणि आजी शनिवारच्या म्हणून ‘आमा’!

महिन्यातल्या एका रविवारी त्यांचा उपवास असे. आपल्यासारखी साबुदाण्याची खिचडी नि वऱ्याचे तांदूळ नाहीत. दोन वेळचं जेवण बंद आणि पाणीसुद्धा नाही. त्या दोन जेवणांचे वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. ही रीत मला फार आवडली.

धर्माचं बोलणं व्हायचं का? व्हायचं. धर्मप्रसार हा त्यांच्या येण्याचा हेतू होताच, त्यांनी तो लपवला नाही. एकदा आजींनी मला त्यांचा ग्रंथ देऊ केला. मी म्हटलं, ‘आजी, आमचे देव घरात आहेत.’ त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विषय काढला नाही. पण एक प्रश्न मी विचारलाच. या पंथात १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद देत नसत, हे मला तिथल्याच एका शिक्षिकेने सांगितलं होतं. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ते ऐकून इथल्या बायकांसमोर मान खाली जाते. तरी त्या मला जवळ घेतात.’

१९७८ साली तो नियम उठला आणि त्याच वर्षी पंथाने पश्चिम आफ्रिकेत माणसं पाठवली. तीसुद्धा दोन ज्येष्ठ जोडपीच होती. रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. मेबी तेव्हा सत्तरीला टेकलेले. आधी नायजेरिया, मग घाना. गंमत म्हणजे घानात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचे गृहस्थ त्यांच्याही आधी, १९६४ पासून, आपल्या आपण लोकांना जमवून या पंथाच्या प्रार्थना चालवत होते!

दिवसभर नवरा घरात

मैत्रिणींनो, आता खरी गंमत. निवृत्त नवरा दिवसभर घरात असला की काय होतं हे आपण आपल्या आयांकडून ऐकतोच. इथे तर चोवीस तास सोबत! घर एक, ऑफिस एक, गाडी एक.

‘आमचे पहिले तीन महिने भांडण्यात गेले,’ आजी म्हणाल्या. ‘चव्वेचाळीस वर्षं हे सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. लग्न टिकलं ते त्यामुळेच की काय, असं वाटायला लागलं!’

भांडणाचं कारण काय, तर रस्ता. आजोबा विचारायला तयार नसत, आजी नकाशा उलटा धरत. शेवटी तह झाला. गाडीत आजींनी सांगायचं नि आजोबांनी ऐकायचं. स्वयंपाकघरात आजींनी रांधायचं नि भांडी आजोबांनी घासायची. आयुष्यात कधी कपबशी न विसळलेले आजोबा रोज रात्री शीळ घालत भांडी घासताना मी पाहिले आहेत. आमच्या ह्यांना मी मुद्दाम ते बघायला वर पाठवलं होतं. परिणाम फारसा झाला नाही!

ती जानेवारीतली रात्र

पण सगळंच असं गोड नव्हतं. त्यांना पाच मुलं. धाकटीला बरीच वर्षं वाट बघून दिवस गेले होते, बाळंतपण जानेवारीत. मी सहज विचारलं, ‘मग तुम्ही जाणार ना?’

‘नाही. तिची सासू येणार आहे.’

मला धक्काच बसला. लेकीचं पहिलं बाळंतपण आणि आई हजारो मैलांवर, तीही स्वतःच्या इच्छेने! आपल्याकडे कुणी ऐकून तरी घेईल का? मी बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार. त्याच म्हणाल्या, ‘मुलगी रागावली आहे. दोन आठवडे फोन घेत नाहीये.’

त्या दिवसांत सहारातून धुळीचा वारा येतो, हरमॅटन म्हणतात. आकाश पिवळं, घरात कितीही पुसा, धूळच धूळ. अशाच एका रात्री अकराच्या सुमारास आजी खाली आल्या. युटात तेव्हा दुपारचे चार वाजलेले. मुलीला हॉस्पिटलात नेलं होतं, काहीतरी गुंतागुंत होती. त्यातच वीज गेलेली. मी त्यांच्यासोबत वर गेले.

आतल्या खोलीत झिंबाब्वेचा एक मिशनरी मुलगा मलेरियाने फणफणला होता. डॉक्टरांनी औषध देऊन परत पाठवलं होतं, त्याचा सोबती दमून सतरंजीवर झोपला होता. आजोबा फोन हातात धरून बसलेले. आजी त्या मुलाच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या. तापात तो त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. आईला हाक मारत असावा.

आजी हळूच म्हणाल्या, ‘याच्या आईला वाटत असेल, माझ्या मुलाजवळ कोण आहे? मलाही तेच वाटतंय.’

पहाटे तीनला फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. आजोबा मोठ्याने रडले. आजी रडल्या नाहीत. त्यांनी मोरीत जाऊन पट्ट्या धुतल्या आणि वाळत घातल्या.

दुसऱ्या दिवशी मी शिरा घेऊन गेले. त्या म्हणाल्या, ‘मी बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही. ती रात्र मला परत मिळणार नाही, एवढं ठाऊक आहे.’ मुलीचा राग गेला, पण त्याला वेळ लागला. दीड वर्षाने परत गेल्यावर आजींनी नातीला पहिल्यांदा उचललं तेव्हा ती अनोळखी माणूस बघून रडली. आजींनीच हे मला फोनवर सांगितलं.

आपल्या घरी

आता आम्ही पुण्याला परत आलो आहोत. मी पुन्हा शाळेत अर्धवेळ शिकवते. गेल्या वर्षी आई-अण्णा म्हणाले, ‘आम्हाला वर्षभर आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत जाऊन राहायचंय, शिकवायचंय.’ दोघंही निवृत्त शिक्षक. आणि मी पटकन काय म्हणाले? ‘या वयात? आणि मग दुपारी मुलाला कोण सांभाळणार?’

आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या मुलाचा डबा धुऊन पालथा घातला. रात्री मला अक्राच्या मोरीतल्या त्या पट्ट्या आठवल्या आणि झोप लागेना. आई-वडिलांनी आयुष्यभर काय केलं हे मला माहीत होतं. त्यांना अजून काय करायचंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आई-अण्णा जूनमध्ये गेले. माझी दुपारी तारांबळ उडते. मुलाला पाळणाघर आवडत नाही, तो कुरकुरतो. अण्णांचं ब्लडप्रेशर आहे, म्हणून जीव टांगणीला असतो. सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. पण परवा आईचा फोन आला. ती सांगत होती, तिथे तेल जपून वापरावं लागतं, म्हणून तिने मुलांसाठी बिनतेलाची कसली भाजी केली आणि अण्णा आता रोज भांडी घासतात.

‘अण्णा?’ मी विचारलं.

‘हो गं,’ आई म्हणाली, ‘आणि शीळसुद्धा घालतात.’