इंग्रजींतील अपूर्ण आणि पूर्ण भविष्यकाळ

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसास साधा भविष्यकाळ फारसा अडवीत नाहीं. 'मी पत्र लिहीन' याला 'आय शॅल राइट' किंवा 'आय विल राइट' म्हणावें, एवढें पहिल्या इयत्तांतच समजतें. अडचण येते ती पुढच्या दोन रूपांपाशीं: 'आय विल बी रायटिंग' आणि 'आय विल हॅव रिटन'. व्याकरणाच्या पुस्तकांत यांस अनुक्रमें अपूर्ण भविष्यकाळ व पूर्ण भविष्यकाळ अशीं नांवें आहेत. नांवें पाठ होतात, रूपेंहि चालवितां येतात. परंतु बोलतांना किंवा पत्र लिहितांना तीं वेळेवर सुचत नाहींत, आणि सुचलीं तर पुष्कळदां भलत्या ठिकाणीं पडतात.

प्राचीन इंग्रजींत भविष्यकाळाचें निराळें रूपच नव्हतें. वर्तमानकाळाच्या रूपावरच तें काम भागत असे. 'विल' हें मूळचें 'इच्छिणें' या अर्थाचें आणि 'शॅल' हें 'देणें लागणें' या अर्थाचें क्रियापद. इच्छा आणि ऋण दर्शविणारे हे दोन शब्द झिजत झिजत भविष्याचे सेवक बनले. प्रथम पुरुषीं साधें भविष्य सांगतांना 'शॅल' व इतर पुरुषीं 'विल' वापरावें, हा नियम जॉन वॉलिस या पंडितानें १६५३ सालीं लॅटिनमध्यें लिहिलेल्या आपल्या इंग्रजी व्याकरणांत मांडला. आजच्या बोलण्यांत मात्र सर्व पुरुषीं 'विल' सर्रास चालतें.

या रूपांचें मर्म एका गोष्टींत आहे: बोलणारा भविष्यांतील एक क्षण निश्चित करतो, आणि त्या क्षणीं क्रिया कोणत्या अवस्थेंत असेल तें सांगतो. समजा, रात्रीं दहा वाजतां भेटावयास यावें कीं नाहीं, असें एखाद्या स्नेह्यानें विचारलें. 'आय विल डाइन ॲट टेन' या उत्तराचा अर्थ, यजमान दहा वाजतां जेवावयास बसतील. 'आय विल बी डायनिंग ॲट टेन' म्हणजे दहाच्या ठोक्याला जेवण चालू असेल. तें आधीं सुरू झालेलें असेल आणि नंतर संपेल. 'आय विल हॅव डाइन्ड बाय टेन' म्हणजे दहा वाजण्यापूर्वींच जेवण आटोपलेलें असेल. यावयाचें असल्यास स्नेह्यानें तिसऱ्या उत्तरावरच यावें हें उघड आहे.

यांतील 'बाय' हा लहानसा शब्द मोठ्या घोटाळ्याचें मूळ आहे. मराठींत 'पर्यंत' हा एकच शब्द दोन कामें करतो. 'शुक्रवारपर्यंत गवंडी काम करील' आणि 'शुक्रवारपर्यंत काम पुरें झालेलें असेल' या दोन्ही वाक्यांत तोच आहे. इंग्रजींत पहिल्यास 'टिल' आणि दुसऱ्यास 'बाय' लागतें. करारपत्रांत 'टिल फ्रायडे' लिहिलें, तर मक्तेदार शुक्रवारपर्यंत नुसता राबण्यास बांधलेला राहतो; 'विल हॅव फिनिश्ड बाय फ्रायडे' लिहिलें, तरच काम पुरें करण्यास बांधला जातो. एका शब्दाच्या चुकीनें घराचें छप्पर पावसाळ्यांत उघडें राहूं शकतें.

दुसरा घोटाळा आपल्या 'असेल' या शब्दांतून उद्भवतो. 'तो एव्हांना पुण्यास पोहोंचला असेल' या वाक्यांत भविष्य नाहींच. तो केवळ तर्क आहे. इंग्रजींतहि 'ही विल हॅव रीच्ड पूना बाय नाउ' हें वाक्य अशाच तर्काचें आहे. येथवर दोन्ही भाषा एका वाटेनें चालतात. परंतु 'तो आतां झोपला असेल' याचें भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केल्यास फसगत होते. झोपणें, बसणें, उभें राहणें यांसारख्या क्रियापदांत मराठी भूतकाळाचें रूप चालू स्थिति दाखवितें. म्हणून येथें इंग्रजींत 'ही विल बी स्लीपिंग' असें अपूर्ण रूप योजावें लागतें. उलट 'नो' किंवा 'बिलीव्ह' यांसारखीं मनाची स्थिति सांगणारीं क्रियापदें सामान्यतः अपूर्ण रूपांत येत नाहींत. 'ही विल बी नोइंग' हें इंग्रजी कानाला खटकतें.

तिसरी चूक जोडवाक्यांत होते. 'जेव्हां तुम्ही याल' या वळणावरून 'व्हेन यू विल कम' असें सहज लिहिलें जातें. पण 'व्हेन', 'बिफोर', 'बाय द टाइम' यांनीं आरंभ होणाऱ्या कालदर्शक उपवाक्यांत इंग्रजी भाषा वर्तमानकाळ ठेवते. 'बाय द टाइम यू कम, वुई विल हॅव डाइन्ड' हें शुद्ध वाक्य होय. मराठींतहि 'तुम्ही येईपर्यंत आमचें जेवण झालेलें असेल' असेंच आपण म्हणतों. 'येईपर्यंत' या शब्दांत भविष्याचें वेगळें चिन्ह कोठें आहे?

अपूर्ण भविष्यकाळाचा आणखी एक उपयोग शिष्टाचाराचा आहे. 'विल यू कम टुमॉरो?' हा प्रश्न आमंत्रणासारखा किंवा विनंतीसारखा वाटतो, आणि उत्तर देणाऱ्यास होय-नाहीं म्हणणें भाग पडतें. 'विल यू बी कमिंग टुमॉरो?' म्हटल्यास, तुमचा बेत आधींच ठरला आहे आणि तो केवळ विचारला जात आहे, असा सूर निघतो. संकोच टाळण्याची ही युक्ति संभाषणांत फार कामास येते.

या दोन रूपांचा संगमहि होतो. वीस वर्षें शिकवीत आलेल्या शिक्षकाविषयीं इंग्रज 'बाय जून ही विल हॅव बीन टीचिंग फॉर ट्वेंटी इयर्स' असें म्हणेल. मराठी माणूस तीच गोष्ट 'जूनमध्यें त्यांना शिकवूं लागून वीस वर्षें होतील' अशी सांगतो. येथें शब्दास शब्द जोडीत बसणाऱ्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं.

म्हणून अभ्यासकानें वाक्य रचण्यापूर्वीं दोन प्रश्न मनाशीं विचारावेत: भविष्यांतला कोणता क्षण अभिप्रेत आहे, आणि त्या क्षणीं क्रिया सुरू व्हावयाची आहे, चालू आहे, कीं संपलेली आहे? त्यांचीं उत्तरें स्पष्ट असलीं, म्हणजे योग्य रूप शोधण्यास फारसे सायास पडत नाहींत.