चाकांवरचें घर सपाट कसें उभें करावें?

अमेरिकेंत सहकुटुंब प्रवासासाठीं ‘मोटारहोम’ नांवाचें चाकांवरचें घर भाड्यानें मिळतें. तिकडे स्थायिक झालेलीं आपल्याकडील कुटुंबेंहि त्यांतून यलोस्टोनसारखीं अरण्यें पाहावयास जातात. परंतु मुक्कामाची जागा क्वचितच सपाट असते, आणि घर कलतें राहिल्यास केवळ झोपच बिघडते असें नव्हे. त्यांतील कित्येक शीतकपाटें १९२२ सालीं स्वीडनमधील फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोघा विद्यार्थ्यांनीं (शिक्षकास याचें विशेष कौतुक!) शोधलेल्या पद्धतीचीं असतात. त्यांत पंप नसतो. अमोनियाचा द्रव स्वतःच्या भारानें खालीं ओघळतो. कपाट फार कललें कीं ओघ खुंटतो, नळी तापत राहते व यंत्र कायमचें बिघडूं शकतें.

म्हणून आंत पाणसळ ठेवून आडवा कल आधीं काढावा, उभा मागाहून. सखल बाजूच्या चाकांपुढें उतरते ठोकळे मांडून गाडी सावकाश त्यांवर चढवावी. मागें जोडचाकें असल्यास दोहोंनाहि आधार हवा. मग हातब्रेक ओढून चाकांना उटी लावावी. चढणीवर आपला गाडीवान दगड लावीत असे, तसेंच हें.

कांहीं गाड्यांना कळ दाबतांच गाडी उचलणारे यांत्रिक पाय असतात, आणि खरा धोका येथेंच आहे. हातब्रेक बहुधा मागील चाकांनाच धरतो. तीं अधांतरीं उचललीं तर ब्रेक असून नसल्यासारखाच, व गाडी पायांवरून घसरूं शकते. तेव्हां मागील चाकें भूमीवरून सुटूं देऊं नयेत. कोपऱ्यांवरील बारीक टेकू केवळ डगडग थांबविण्यापुरते. त्यांनीं गाडी उचलूं नये. कल फारच असेल तर दुसरी जागा मागावी, त्यांत संकोच कसला? आणि हें सर्व होईपर्यंत मुलांना खालीं उतरवून गाडीपासून दूर उभें करावें.