पालापाखाली आठ दिवस

अट अशी होती की आठ दिवस काही करायचं नाही. समुद्र, सावली, मासे आणि झोप. मैत्रिणीने तिकिटं काढतानाच ही अट घातली, कारण तिला माझी खोड ठाऊक आहे. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हापासूनची. कुठेही नेलं की मी तिथलं एखादं झाड गाठते आणि मग बरोबरच्या माणसाला त्या झाडाची वंशावळ ऐकावी लागते. "या वेळी झाडं बघायची, त्यांच्याबद्दल बोलायचं नाही," ह्यूस्टनच्या विमानतळावर तिने बजावलं. मी हो म्हटलं. ते 'हो' पहिल्या शहाळ्यापर्यंत टिकलं.

आम्ही गेलो सिवातानेहोला. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, गेरेरो राज्यात. स्पेलिंग वाचून आपण काहीतरी भलताच उच्चार करतो. 'शॉशँक रिडेम्प्शन' पाहिलेल्यांना हे नाव आठवेल, मात्र त्या सिनेमातला शेवटचा किनारा कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा आहे. बाकीची माहिती उरकून टाकते. ह्यूस्टनहून थेट विमान मिळतं. अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी नियम बदलतात, निघण्याआधी बघून घ्यावं. डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम. शेजारी इश्तापा आहे, सत्तरच्या दशकात सरकारने आखून वसवलेलं, उंच हॉटेलांचं. गेरेरो राज्याचं नाव गुन्हेगारीच्या बातम्यांत वरचेवर येतं; आम्ही रात्रीचा रस्त्याने प्रवास केला नाही, गावाबाहेर ओळखीच्या टॅक्सीनेच गेलो. झालं.

आता शहाळं.

पहिल्या दुपारी 'प्लाया ला रोपा' नावाच्या पुळणीवर एका माणसाने कोयत्याच्या तीन घावांत शहाळं उघडून हातात दिलं. मी पाणी प्यायच्या आधी ते उलटंसुलटं करून पाहिलं. गुहागरला माझ्या माहेरची नारळाची वाडी आहे. तिथला माड बाणवली, म्हणजे आपला पश्चिम किनाऱ्यावरचा उंच माड. त्याचं फळ लांबट, कडा असलेलं, सोडण जाड. हातातलं हे फळ जवळजवळ चेंडूसारखं गोल होतं. "अगं, हा आपला नव्हे," मी म्हणाले. "मग पिऊ नकोस," मैत्रीण म्हणाली आणि झोळीत आडवी झाली.

माड सगळीकडे सारखेच, असं मीही कित्येक वर्षं समजत होते. २०११ साली केनेथ ओल्सन, बी गन आणि लुक बोदुआँ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरच्या तेराशेहून अधिक माडांची जनुकं त्यांनी तपासली. माडाची ठळक अशी दोन घराणी निघाली: एक पॅसिफिकचं, दुसरं हिंदी महासागराचं. माणसाने माड दोन वेगळ्या ठिकाणी माणसाळवला असावा. एक आग्नेय आशियाच्या बेटांवर आणि दुसरा दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीव, लक्षद्वीप या टापूत. म्हणजे सिवातानेहोचा गोल नारळ आणि गुहागरचा लांबट नारळ हे फार तर लांबचे चुलत. हा किनारा फिलिपिन्सच्या माडाचा.

तो इथे आला कसा, याचं उत्तर समोरच्या पाण्यात होतं. एर्नान कोर्तेसच्या हुकमावरून आल्वारो दे सावेद्रा १५२७ साली तीन जहाजं घेऊन मसाल्याच्या बेटांकडे निघाला, तो सिवातानेहोजवळूनच. जाणं जमलं, परतणं जमेना. पॅसिफिक उलटा ओलांडायची वाट १५६५ साली आंद्रेस दे उर्दानेताला सापडली आणि तिथून १८१५पर्यंत, अडीचशे वर्षं, मनिला ते अकापुल्को गलबतं चालली. मेक्सिकोची चांदी तिकडे, चीनचं रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, आपल्याकडचं सुती कापडसुद्धा इकडे. ला रोपा म्हणजे स्पॅनिशमध्ये कपडे. असं एक गलबत इथे फुटलं आणि त्यातलं कापड वाहत या पुळणीवर लागलं, अशी गावातली कथा आहे. दंतकथा म्हणून ऐकावी, पण पुळणीला नाव फार चांगलं मिळालं.

या गलबतांवरचे कितीतरी खलाशी फिलिपिन्सचे होते. सहा-सहा महिन्यांचा परतीचा प्रवास, निम्मे उपाशी, आजारी. अकापुल्कोला उतरल्यावर अनेकांनी परत जहाजाचं तोंड पाहिलं नाही. ते किनाऱ्याकिनाऱ्याने कोलिमापर्यंत पांगले, तिथल्या बायकांशी लग्नं केली आणि त्यांना येत असलेलं एक काम करू लागले. माडी काढायचं.

इथे मला थांबवणं मैत्रिणीला शक्य झालं नाही. तिसऱ्या दिवशी बाजाराजवळ एक माणूस 'तुबा' विकताना दिसला. तुबा हा शब्द फिलिपिन्सचा. माडाची न उमललेली पोय बांधायची, तिचं टोक रोज छाटायचं, गळणारा रस भोपळ्याच्या तुंब्यात धरायचा. हे मी लहानपणापासून पाहत आलेय. आमच्याकडे भंडारी माडावर चढायचे, खाली गोव्यात रेंदेर चढतात आणि त्यांच्या माडीच्या माडांना पाय ठेवायला खाचा पाडलेल्या असतात. कोलिमातले तुबा काढणारेही बुंध्याला अशाच खाचा पाडतात. सकाळी रस गोड, दुपारी आंबूस, संध्याकाळी त्याच्याशी जपून बोलावं. कोलिमाकडे त्यात शेंगदाणे आणि फळांचे तुकडे घालून देतात. मी पेला तोंडाला लावला आणि गुहागरची नीरा आठवली. तुबा थोडी पातळ वाटली, पण हा माहेरचा पक्षपात असणार. मैत्रिणीने एक घोट घेतला. "छान आहे. आता इतिहास सांगू नकोस." मी सांगितला.

कारण तो मजेदार आहे. फिलिपिनोंनी नुसती माडी काढली नाही, तिचं ऊर्ध्वपातन करून नारळाची दारू गाळायलाही शिकवलं. ही दारू खाणींच्या गावांत इतकी खपू लागली की स्पेनहून येणाऱ्या वाइनच्या व्यापाऱ्यांचं पोट दुखलं आणि सतराव्या शतकाच्या आरंभी कोलिमातले माड तोडण्याचे हुकूम निघाले. माड अर्थातच उरले. फिलिपिनोंची ती साधी, लाकूड-मडक्याची भट्टी पुढे घायपाताच्या जातीतल्या रोपापासून मेस्काल गाळायला वापरली गेली, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ते खरं धरलं तर मेस्कालच्याच जातीतल्या टकीलाच्या प्रत्येक बाटलीमागे कुठेतरी माडावर चढलेला एक माणूस उभा आहे. या मुद्द्यावर मैत्रिणीने प्रथमच पुस्तक मिटलं. तिला टकीला आवडते.

आमच्या डोक्यावरच्या छपराचंही तसंच. पुळणीवर चार खांब आणि वर माडाच्या पात्यांचं शाकारलेलं छप्पर; त्याला पालापा म्हणतात. शब्द फिलिपिन्सचा, मूळ अर्थ पानाचा दांडा. जरा मोठा मांडव असेल, खाली टेबलं, झोळ्या आणि मागे चूल असेल, तर तो एनरामादा. आमचे तीन दिवस गावाच्या दक्षिणेला बार्रा दे पोतोसीच्या अशाच एका मांडवात गेले. पुढे समुद्र, मागे कांदळवनाची खाडी, मध्ये वाळूची पट्टी. आत पाऊल टाकल्यावर मला शाकारणीचा तो जुना वास आला, पहिल्या पावसाच्या आधी अंगणात झावळ्या विणायला बसायचे तेव्हाचा. मी छपराखाली उभी राहून वीण पाहू लागले. मांडवाच्या मालकीणबाईंना वाटलं, छपरात विंचू दिसला. त्या झाडू घेऊन आल्या.

झोळीबद्दल मात्र मला मैत्रिणीकडून शिकावं लागलं. 'आमाका' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, तोच पुढे इंग्रजीत हॅमॉक झाला. आपण तीत सरळ लांबीत झोपतो आणि केळ्यासारखे वाकतो. झोळीत तिरकं झोपायचं असतं, कोपऱ्यातून कोपऱ्यात, म्हणजे पाठ सपाट राहते. मैत्रीण तिरकी झोपायची, मी वाकडी. तिने चार दिवसांत दोन कादंबऱ्या संपवल्या. मी मालकीणबाईंच्या मागे मागे चुलीपाशी.

तिथे 'तिरितास' होतात, या गावचा खास पदार्थ. ताज्या माशाच्या कच्च्या पट्ट्या लिंबात मुरवायच्या, वर कांदा आणि हिरवी मिरची. लिंबू आपलं कागदीच. गुरुवारी गेरेरोभर 'पोसोले' शिजतं, टपोऱ्या मक्याच्या दाण्यांचं. उपासाचा वार असावा तसा तिथे पोसोलेचा वार आहे. आणि शहाळं पिऊन झालं की ते फोडून मलई कापतात, वर लिंबू पिळून मीठ आणि तिखट भुरभुरवतात. आपण कैरीला करतो ते. नारळ आणि लिंबू आशियातून गेलेले, मिरची मूळ तिथली, आणि तीच मिरची पोर्तुगिजांनी आपल्याला आणून दिली. आपला चिकूही तिथलाच. त्यांचा 'चिकोसापोते', नाव नाहुआत्ल भाषेतलं. घोलवडच्या बागायतदारांना हे सांगून पाहिलंय, ते ऐकून घेतात.

पण मनाला लागलेली गोष्ट मेक्सिकोच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची आहे. कॅरिबियन बाजूचे, म्हणजे कानकून-युकातानकडचे जुने उंच माड हे हिंदी महासागराच्या घराण्यातले. वास्को द गामानंतर पोर्तुगिजांनी आपल्या बाजूचे नारळ आफ्रिकेपलीकडच्या केप व्हर्दे बेटांवर नेले आणि तिथून सोळाव्या शतकात ते अटलांटिक ओलांडून गेले. नारळाच्या तीन डोळ्यांत त्यांना वाकुल्या दाखवणारा बागुलबुवा दिसला, म्हणून 'कोको'. तर ते आपले भाऊबंद. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युकातानमध्ये पानं पिवळी पडून शेंडा गळणारा रोग पोचला. एक किडा झाडाचा रस शोषताना तो पसरवतो. बाणवलीचे हे नातलग त्यापुढे टिकले नाहीत, शेंडा नसलेले खांब नुसते उभे राहिले. पुढे तिथे लावले गेले ते बरेचसे मलायाचे ठेंगू माड आणि संकरित. जाहिरातींत कानकूनच्या पांढऱ्या वाळूवरचा माड दिसला की मी आता आधी त्याची उंची बघते.

हे सांगून झाल्यावर झोळीतून काही आवाज आला नाही. मला वाटलं, झोपली. "भाट्याला सांगितलंस का?" तिने विचारलं. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राबद्दल मी तिला कधीतरी फोनवर सांगितलं होतं. तिच्या लक्षात होतं.

मी बाजारातून एक असोला नारळ घेतला होता, पक्का पिकलेला, लावण्याजोगा. गुहागरच्या वाडीत त्या गोल घराण्याचं एक रोप असावं, अशी इच्छा. पाच दिवस तो हॉटेलच्या सज्जात ठेवला. शेवटच्या सकाळी मैत्रीण म्हणाली, "शेंडागळीची गोष्ट तूच सांगितलीस ना? मग हा कुठे घेऊन चाललीस?" माती, रोपं, बियाणं असं सीमेपलीकडे नेऊ नये, हे मी लोकांना भाषणांतून सांगत असते. मला उत्तर सुचलं नाही.

विमान दुपारचं होतं. विमानतळावर जाताना बार्रा दे पोतोसीला वळसा घेऊन मी तो नारळ मालकीणबाईंना दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, अगदी आमची आत्या हलवायची तसा, आणि पाणी वाजल्याचं ऐकून मान डोलवली. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी पारेवर त्याचं सोडण काढलं, कोयत्याच्या पाठीने फोडून किसायला घेतला. कोकादा करणार होत्या, म्हणजे नारळाच्या वड्या. मैत्रिणीने घड्याळ पाहिलं, पर्स पुन्हा टेबलावर ठेवली आणि झोळीत तिरकी आडवी झाली.