सुई दवाखान्याची, हात सफाई कामगाराचा!

कचरा उचलताना हाताला सुई टोचलेला एक सफाई कामगार बंधू माझ्याकडे आला. ठेकेदाराने त्याला सरळ वाटेला लावले होते. 'तू काय दवाखान्याचा नोकर आहेस? तू तर पालिकेचा कचरा उचलतोस!' हे उत्तर कायद्याला धरून आहे काय? मुळीच नाही!

पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ अन्वये केंद्र सरकारने १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम केले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. त्यातील व्याख्या नीट वाचा. निदान, उपचार, लसीकरण, संशोधन, आरोग्य शिबिरे यांतून निघालेला कचरा म्हणजे जैववैद्यकीय कचरा. तो कुठे पडला हे महत्त्वाचे नाही, तो कुठून निघाला हे महत्त्वाचे. जन्मावरून ओळख ठरविणे हा माणसाच्या बाबतीत घोर अन्याय आहे. सुईच्या बाबतीत मात्र तोच न्याय आहे! दवाखान्याची सुई उकिरड्यावर पडली म्हणून साधा कचरा होत नाही. आणि असा कचरा गोळा करणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, कोणत्याही स्वरूपात हाताळणाऱ्या सर्वांना हे नियम लागू आहेत. मग आमचा बंधू त्याबाहेर कसा?

नियम काय सांगतात? सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच टाकाव्यात. हा कचरा इतर कचऱ्यात मिसळू नये. तो हाताळणाऱ्यांना कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस, संरक्षक साधने, प्रशिक्षण द्यावे. वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करावी. चुकीच्या हाताळणीमुळे जनतेचे नुकसान झाले, तर दवाखाना व कचरा प्रक्रिया केंद्र जबाबदार. १९९८ च्या नियमांत महिन्याला हजाराहून कमी रुग्ण असलेल्या दवाखान्यांना परवानगी घेण्यापासून सूट होती; २०१६ मध्ये तीही गेली.

कागदावर सारे आहे. मग सुई उकिरड्यावर येतेच कशी? कारण ती उचलणारा हात कोणत्या वस्तीतून येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या हाताची किंमत कोण करणार? पूर्वी या कायद्याच्या भंगाला ५ वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायदा, २०२३ ने ती काढली. १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये दंड उरला. पैसेवाल्याला दंड भरणे कठीण नाही. लसीविना सुई टोचलेल्याने काय भरायचे?

म्हणून कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीतील सफाई कामगारांना विचारा: लस मिळाली काय? सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवा, तत्काळ शासकीय रुग्णालय गाठा. एचआयव्हीप्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. घटनेची लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सुई टोचल्याची माहिती दवाखान्याने वार्षिक अहवालात द्यायची असते. माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तो अहवाल मागा.

कायदा आपल्या बाजूचा आहे. तो अंमलात आणण्यासाठी आपणच संघटित झाले पाहिजे.