‘आत्ता एक घ्या, दुसरी नंतर टाका’

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसी जुळवायला आलेल्या गिऱ्हाइकाचं बजेट ताणलं गेलं, की काउंटरवरून एक सल्ला हमखास येतो : ‘रॅमची १६ जीबीची एकच स्टिक घ्या. स्लॉट रिकामा आहेच, दुसरी नंतर टाका.’ देणारा तो भल्यासाठीच देतो, घेणाऱ्याला तो काटकसरीचा वाटतो. दोघंही फक्त जीबी मोजत असतात.

रॅममध्ये किती मावतं, याइतकंच ते प्रोसेसरपर्यंत किती झपाट्यानं पोचतं, हेही पाहावं लागतं. डीडीआर४-३२००ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवते. तेच १६ जीबी ८-८च्या दोन स्टिकमध्ये, दोन वेगळ्या चॅनेलांवर, म्हणजे ड्युअल चॅनेलमध्ये लावले, तर आकडा ५१.२वर जातो. टायपिंगला किंवा ब्राउझिंगला हा फरक क्वचितच जाणवेल. पण रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरवर वेगळं ग्राफिक्स कार्ड न लावता गेम खेळायचा, तर चित्रांचं कामही याच रॅमवर चालतं. मग एकाच स्टिकवर गेम अडखळतो आणि बोल लागतो प्रोसेसरला!

बरं, वर्षानं दुसरी स्टिक आणली. ‘मॉडेल तेच आहे की!’ नाव तेच असेल हो, आतलं काय? रॅमच्या बहुतेक चिप्स सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात; कोर्सेअर, जी.स्किलसारखे ब्रँड त्या विकत घेऊन स्टिक तयार करतात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन स्टिकमध्ये वेगळ्या चिप्स निघू शकतात. कोर्सेअरच्या लेबलवर बारीक अक्षरांत व्हर्जन क्रमांक असतो, तो याचसाठी पाहायचा. अशी जोडी बऱ्याचदा चालतेही, पण दोघींपैकी मंद असेल तिच्या वेगानं. नशीब आडवं आलं, तर एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगानं चालवणारी सेटिंग, चालू करताच निळा स्क्रीन. वेगवेगळी किट एकत्र लावू नका, असं जी.स्किल स्वतःच सांगते. किट म्हणजे एकाच खोक्यात विकलेल्या स्टिक, त्या एकत्र तपासलेल्या असतात. सुट्या स्टिकना ती हमी नाही.

‘मग चारही स्लॉट भरून टाकू’ हा ‘दुसरी नंतर टाका’ या समजाचा धाकटा भाऊ. एएमडीच्या तांत्रिक माहितीत रायझन ७०००साठी दोन स्टिकना डीडीआर५-५२०० लिहिलंय. चार लावल्या की तोच आकडा ३६००.

बाकीचे समज झटपट.

‘पिना २८८च, म्हणजे डीडीआर५ डीडीआर४च्या स्लॉटमध्ये बसेल.’ खाच वेगळ्या जागी आहे, बसणार नाही. इंटेलचे १२व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवतात. मदरबोर्ड मात्र सहसा एकाच प्रकारचा असतो.

‘खोक्यावर ६००० आहे, म्हणजे ६०००नं चालते.’ बायोसमध्ये एक्सएमपी किंवा तशीच एक्स्पो ही सेटिंग चालू करेपर्यंत ती अनेकदा ४८००वरच असते.

‘सीएल १६ म्हणजे सीएल ३०पेक्षा चपळ.’ सीएल म्हणजे डेटा येईपर्यंत जाणारी घड्याळाची आवर्तनं; ३२००ला सीएल १६ आणि ६०००ला सीएल ३०, दोन्हींचा हिशेब १० नॅनोसेकंद.

‘डीडीआर५ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनेल.’ ३२-३२ बिटांचे दोन भाग. बेरीज पूर्वीसारखीच ६४.

‘लाइटवाली रॅम दमदार.’ लाइटमुळे वेग वाढत नाही, बिल वाढतं.

खरेदीआधी मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरची क्यूव्हीएल ही तपासलेल्या रॅमची यादी उघडावी आणि त्यात स्टिकचा पूर्ण मॉडेल क्रमांक शोधावा. चार स्लॉटच्या बोर्डावर जोडी सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागते. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये शेजारीशेजारी लावली, तर दोन्ही सहसा एकाच चॅनेलवर जातात. घरी आल्यावर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावा. एरर दिसली, तर एक्सएमपी बंद ठेवून एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये तपासावी आणि एकीवरच एरर आली, तर अख्खं किट बिलासकट दुकानात परत न्यावं. ‘एखादी एरर चालते हो’ हा त्याच काउंटरवरचा दुसरा सल्ला असतो.