पट, मोहरी आणि घड्याळ

ठाण्याला किंवा डोंबिवलीला एखाद्या घराच्या गॅलरीत दोन मैत्रिणी बुद्धिबळाचा पट मांडून बसल्या, म्हणजे त्यांना वेळेचे बंधन सहसा नसते. एकीने पाव तास विचार केला, तर दुसरी फार तर कुरकुर करील. स्पर्धेत मात्र पटाशेजारी घड्याळ असते. खेळाडूने चाल करून कळ दाबली, की तिचा वेळ थांबतो आणि प्रतिस्पर्ध्याचा सुरू होतो. ज्याचा वेळ संपेल, त्याचा वजीर पटावर डौलाने उभा असला तरी डाव सहसा हातचा जातो.

२०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जिया देशातील बातुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरी महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशची ३८ वर्षांची कोनेरू हंपी समोरासमोर बसल्या. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता!

पहिले दोन डाव सावकाश खेळावयाचे होते. त्यांत पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकीला ९० मिनिटे मिळत. पहिल्या डावात दिव्याला वरचढ स्थिती लाभली, पण ती निसटली. तो डाव बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशीचाही.

आता निर्णय जलद डावांवर आला. त्यांत प्रत्येकीच्या घड्याळावर अवघी काही मिनिटे असतात आणि दर चालीनंतर थोडे सेकंद वाढवून मिळतात. हंपी २०१९ आणि २०२४ साली जलद बुद्धिबळातच जगज्जेती ठरली होती. त्यामुळे तिचे पारडे जड आहे, असे जाणकारांना वाटले तर नवल नव्हते.

२८ जुलैचा पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव लांबला, मोहरी कमी झाली. अशा अंतिम अवस्थेत पट रिकामा दिसतो, पण एकेका प्याद्याचे मोल वाढते व चूक सावरावयास कोणी मोहरा उरत नाही. हंपीचा वेळ सरत आला होता. घाईत तिच्या हातून चुका झाल्या. दिव्याने त्या अचूक हेरल्या. अखेर हंपीने हार मान्य केली. दिव्याने आईला मिठी मारली, तेव्हा तिचे अश्रू आवरत नव्हते.

ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी ठराविक दर्जाच्या स्पर्धांतून तीन वेळा नेमून दिलेली कामगिरी करावी लागते. दिव्या बातुमीला गेली, तेव्हा त्यांतली एकही तिच्या नावावर नव्हती. विश्वचषकाबरोबर तो किताब तिला थेट मिळाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.